तोंड कुठे, डोकं कुठे : कंटकचर्मी प्राण्यांची घडण आणि त्यांचं गोत



या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा विषय शोधायला मला वेळ लागला नाही. ज्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे, त्या सरांबरोबर मी पहिल्यांदा मालवणच्या किनाऱ्यावर गेलो तो दिवस रापणीचा होता. दोरांवर हात टाकत माणसांनी जाळं वाळूवर आणलं होतं. तारल्या, बांगडे, पेडवे टोपल्यांत जात होते आणि ज्याला बाजारात मोल नाही ते बाजूला फेकलं जात होतं. त्या ढिगात वाळूच्याच रंगाचे, कडेला फणीसारखे दाते असलेले तारामासे होते. आम्ही ते वेचू लागलो तसा एक वयस्क रापणकर जवळ आला आणि त्याने विचारलं, "मास्तरांनू, ह्येचा तोंड खंय?" सरांनी तारामासा उलटा करून बरोबर मधोमध बोट ठेवलं. मग डोकं कुठे, हा त्याचा पुढचा प्रश्न. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही."

आजचं व्याख्यान त्या दोन प्रश्नांपुरतंच आहे. पहिल्याचं उत्तर बोटाने दाखवता येतं. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच अंशी मिळालं ते २०२३ साली, आणि ते ऐकायला सर नव्हते.

आधी नावाविषयी. तारामासा हा मासा नाही हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकात त्याच्या संघाला 'कंटकचर्मी' म्हणतात, म्हणजे काटेरी कातडीचे. मूळ ग्रीक शब्द एकायनोडर्माटा. जर्मन अभ्यासक याकोब थिओडोर क्लाइन यांनी तो १७३४ मध्ये वापरला, तोही फक्त सी-अर्चिनसाठी. अर्चिनला ते नाव शोभतं, कारण तो खरोखरच साळिंदरासारखा काट्यांनी भरलेला असतो. पण याच संघातली समुद्रकाकडी हातात घ्या. ओल्या चामड्याच्या पिशवीसारखी लागते, बोटाला एक काटा टोचत नाही. पिसतारा पाण्यात उभा असतो तेव्हा नेचाच्या पानांचा झुबका वाटतो. या सगळ्यांना एका कुळात बसवायला माणसाला फार वेळ लागला, आणि दर वेळी त्याला चकवलं ते बाहेरच्या रूपाने.

लिनेअसने अठराव्या शतकात यांना 'कृमी' या प्रचंड गाठोड्यात टाकलं. त्यानंतर क्यूव्हिएने चक्रासारखी रचना पाहून त्यांना जेलीफिशच्या शेजारी बसवलं. मधून बाहेर पसरणारे अवयव दोघांनाही आहेत, तेव्हा ते भाऊबंद असणार असा तो विचार. १८४७ मध्ये रुडॉल्फ लॉइकार्ट यांनी जेलीफिश आणि प्रवाळ यांचा वेगळा संघ करून ही गाठ सोडवली. जेलीफिशच्या शरीरात एकच पोकळी, तीच पोट आणि तीच सर्व काही. कंटकचर्मींच्या शरीरात अन्ननलिका वेगळी आणि तिच्याभोवतीची देहगुहा वेगळी. चक्राकार असणं ही दोन अगदी निराळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने केलेली सोय होती. वर्गीकरण म्हणजे कप्पे करणं, असं अनेकांना वाटतं. सर म्हणत, वर्गीकरण म्हणजे नातं ओळखणं. आणि नातं चेहऱ्यावरून नाही, घडणीवरून ओळखायचं.

मग या कुळाची घडण कोणती? सगळ्यात आधी पाणी.

तारामाशाच्या पाठीवर, मध्यापासून जरा बाजूला, एक खडबडीत टिकली दिसते. ही चाळणी-पट्टिका. तिच्या सूक्ष्म छिद्रांमधून आत एक नळी उतरते, जिच्या भिंतीत चुनखडीचे कण असतात म्हणून तिला अश्मनलिका म्हणतात. ती तोंडाभोवतीच्या एका वर्तुळाकार नळीला मिळते, आणि त्या वर्तुळातून प्रत्येक हातात एकेक नळी जाते. हाताच्या टोकापर्यंत गेलेल्या या नळीला दोन्ही बाजूंनी शेकडो फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक पोकळ, लवचीक पाय. हे नलिकापाद. प्रत्येक पायाच्या मुळाशी शरीराच्या आत एक इवलासा फुगा असतो, औषधाच्या ड्रॉपरच्या रबरी फुग्यासारखा. फुगा आकसला की पाणी पायात जातं आणि पाय लांब होतो. मागे नळीत जायची वाट झडपेने बंद झालेली असते. पायाच्या भिंतीतले स्नायू आकसले की पाय आखडतो आणि पाणी फुग्यात परत येतं. सगळं चालणं या एवढ्याशा देवघेवीवर.

पाय खडकाला चिकटतो कसा? आम्ही शिकलो तेव्हा उत्तर होतं, पेल्यासारख्या टोकाने ओढ निर्माण करून. मीही अनेक वर्षं तसंच शिकवलं. आता समजलेली गोष्ट अधिक सुंदर आहे. पायाच्या टोकातून एक चिकट स्राव येतो आणि सुटायची वेळ आली की दुसरा स्राव ती पकड सोडवतो. काचेवरून तारामासा चालत गेला तर मागे त्या डिंकाचे गोल ठसे राहतात, आणि रंग घातला की ते दिसतात. रापणीत सापडलेल्या त्या तारामाशाच्या, म्हणजे ॲस्ट्रोपेक्टेनच्या पायांना मात्र टोकाला चकती नसते. त्याचे पाय टोकदार, कारण त्याला खडक चढायचा नाही, वाळूत गाडून घ्यायचं आहे. त्याला गुदद्वारही नाही. शिंपला सबंध गिळतो, आतलं पचवतो आणि रिकामं कवच तोंडावाटेच बाहेर टाकतो. खडकावरचे पुष्कळ तारामासे उलट करतात. शिंपल्याला पायांनी धरून फटीएवढी जागा झाली की स्वतःचं पोटच बाहेर काढून शिंपल्याच्या आत सोडतात आणि तिथेच जेवतात.

या पाण्याच्या संस्थेची एक किंमत आहे. या प्राण्यांना मूत्रपिंडासारखा अवयव नाही. शरीरातल्या द्रवाचा खारेपणा बाहेरच्या समुद्राइतकाच असतो, तो वेगळा राखायची सोय नाही. म्हणून सुमारे सात हजार जिवंत जातींमध्ये एकही गोड्या पाण्यातली नाही, एकही जमिनीवरची नाही. काही जाती कमी खाऱ्या पाण्यात तग धरतात, पण नदी त्यांना कधी चढता आली नाही. कीटकांनी, गोगलगायींनी, माशांच्या वंशजांनी जमीन जिंकली. या कुळाने पन्नास कोटी वर्षांत समुद्र सोडला नाही.

दुसरी खूण दगडाची. तारामाशाचा सांगाडा खेकड्याच्या कवचासारखा बाहेरून चढवलेला नसतो. तो कातडीच्या आत असतो, अगदी आपल्या हाडांसारखा, आणि अर्चिनचा काटासुद्धा जिवंतपणी पातळ कातडीने झाकलेला असतो. प्रत्येक तुकडा कॅल्साइटचा, थोडं मॅग्नेशियम मिसळलेला. सूक्ष्मदर्शकाखाली तो भरीव दिसत नाही. लेससारखी, सर्व बाजूंनी जोडलेली जाळी दिसते आणि तिच्या भोकांत जिवंत ऊतक भरलेलं असतं. आश्चर्य पुढे आहे. ध्रुवित प्रकाशात पाहिलं तर ही एवढी नक्षीदार पट्टिका एकाच स्फटिकासारखी वागते. फिरवली की सगळी एकदम उजळते, सगळी एकदम विझते. पण खनिज कॅल्साइट जसं सपाट पृष्ठांवर सहज चिरतं, तशी ती चिरत नाही. स्फटिक आहे, तरी स्फटिकाचा ठिसूळपणा तिने टाकून दिला आहे. अशी दगडी जाळी हीच या कुळाची सर्वांत भरवशाची मोहोर आहे. खडकाच्या पातळ कापात तिचा कणभर तुकडा दिसला तरी ओळख पटते.

ही ओळख किती उपयोगी पडते ते आपल्याजवळच पाहता येतं. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या बाघ गावाच्या परिसरात चुनखडीचे थर आहेत. दख्खनचा लाव्हा पसरण्याच्या आधी क्रिटेशस काळात तिथे समुद्राचा एक फाटा आत शिरला होता. त्या थरांत सी-अर्चिनचे जीवाश्म मिळतात. आज समुद्रापासून इतक्या दूर उभं राहून हातातल्या दगडावर पाच पाकळ्यांची नक्षी दिसते, तेव्हा त्या जागी भरतीचं पाणी होतं यावर विश्वास ठेवायला दुसरा पुरावा लागत नाही.

आता पाच या आकड्याबद्दल. तारामाशाचे पाच हात, अर्चिनच्या कवचावर पायांच्या छिद्रांचे पाच पट्टे, समुद्रकाकडीच्या अंगावर पायांच्या पाच रांगा. पाच ही या कुळाची मूळ खूण, असंच कुणालाही वाटेल. पण कॅम्ब्रियन काळातले खडक वेगळं सांगतात. तिथे याच दगडी जाळीचे असे प्राणी आहेत ज्यांना डावी-उजवी बाजू जुळत नाही, पाचाचा पत्ताच नाही. कॅलिफोर्नियात सापडलेला हेलिकोप्लॅकस तर चातीसारखा पिळदार होता आणि त्याच्या अंगावर अन्न वाहून नेणाऱ्या वाटा तीनच होत्या. म्हणजे दगड आधी आला, पाच नंतर. आजही काही तारामाशांना सात, अकरा, वीस हात असतात. कुळाचं नाव हातांच्या संख्येत लिहिलेलं नाही, ते जाळीत आहे.

अर्चिनचं कवच मला कसं समजलं ते सांगतो. विद्यार्थी असताना एक कवच स्वच्छ करायला मी ते ब्लीचिंगच्या पाण्यात ठेवलं आणि रात्रभर तसंच राहिलं. सकाळी तळाशी फक्त सुट्या पट्टिका होत्या. पट्टिकांना जोडणारं ऊतक विरघळून गेलं होतं. मी घाबरलो. सर रागावले नाहीत. त्यांनी एका थाळीत त्या पट्टिका पसरल्या आणि म्हणाले, "आता लाव." पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी मला कळलं की कवचात वीस उभ्या रांगा असतात, जोडी-जोडीने. छिद्रांच्या पाच जोड्या, ज्यांतून नलिकापाद बाहेर येतात, आणि त्यांच्या मध्ये बिनछिद्रांच्या पाच जोड्या. प्रत्येक मोठ्या काट्याच्या मुळाशी खळगा आणि कवचावर गुळगुळीत गोळा, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. काट्याभोवती स्नायूंचं कडं असतं आणि त्याच्या आत आणखी एक कडं असतं, ज्याच्याविषयी मला आजही बोलावंसं वाटतं.

हे आतलं कडं स्नायू नाही. ते संयोजी ऊतक आहे, म्हणजे आपल्या शरीरात कंडरा किंवा अस्थिबंध ज्याचे बनतात तसलं. आपलं असं ऊतक असतं तितकंच ताठ राहतं. कंटकचर्मींचं ऊतक मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर काही सेकंदांत मऊचं कडक आणि कडकचं मऊ होतं. लाट आली की अर्चिन काटे रोवून ते जखडून टाकतो आणि मग स्नायूंना श्रम पडत नाहीत. समुद्रकाकडी हातात घेतली की आधी घट्ट होते आणि फार छेडली तर ढिली पडते. संकटात ती आतडी बाहेर टाकते आणि पुढे नवी बनवते, तेही या ऊतकाने वेळेवर बंध सोडल्यामुळेच जमतं. याच संघातल्या ब्रिटल स्टारचा हात पकडला की तुटून हातात राहतो, तोही असाच सुटलेला असतो. ही क्षमता पाचही वर्गांत आहे. माझ्या मते या संघाची ही सर्वांत मोठी कमाई आहे, आणि पाठ्यपुस्तकात तिला एक ओळही मिळत नाही याचं मला वाईट वाटतं.

वर्ग पाच. सी-लिली आणि पिसतारे यांचं तोंड वर असतं, ते हात पसरून वाहत्या पाण्यातले कण वेचतात. देठावर उभ्या असलेल्या लिली फक्त जीवाश्मांत उरल्या असं अनेकांना वाटत होतं. १८६४ मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ खोल पाण्यातून जिवंत, देठाची छोटी लिली वर आली आणि खोल समुद्रात जुनं जग शिल्लक असेल या आशेला बळ मिळालं. 'चॅलेंजर' जहाजाची १८७२ ची मोहीम निघण्यामागे ही आशाही होती. ब्रिटल स्टारची चकती वेगळी आणि हात वेगळे, सापासारखे वळणारे. त्यांच्या जाती या संघात सर्वांत जास्त, दोन हजारांवर. तारामासे आणि अर्चिन यांच्याविषयी बोललोच. अर्चिनच्या तोंडात पाच दातांचा जो जबडा असतो त्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. दात झिजतात तसे आपोआप धार घेत जातात.

समुद्रकाकडी मात्र समजून घ्यायला थांबावं लागतं. अर्चिनला तोंड आणि गुदद्वार यांच्या दिशेने ताणून लांब करा आणि आडवं झोपवा. काकडी साधारण तशी आहे. तिचा सांगाडा कातडीत विखुरलेल्या सूक्ष्म कणांपुरता उरला आहे आणि त्या कणांचे आकार नांगरासारखे, चाकासारखे, बटणासारखे असतात. जात ओळखायची तर कातडीचा तुकडा विरघळवून हे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ती श्वास घेते गुदद्वारातून, आतल्या फांद्या फुटलेल्या नळ्यांत पाणी घेऊन. मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत निर्यातीसाठी तिची एवढी धरपकड झाली की २००१ मध्ये तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घालावं लागलं. आज ती त्याच परिशिष्टात आहे जिथे वाघ आहे.

कोण कुणाच्या जवळचं? एका मताप्रमाणे ब्रिटल स्टार अर्चिनच्या जवळचे ठरत होते, कारण त्यांच्या अळ्या सारख्या दिसतात. गेल्या दशकातल्या जनुकीय अभ्यासांनी मात्र तारामासा आणि ब्रिटल स्टार यांना एकत्र आणलं, अर्चिन आणि समुद्रकाकडी यांना दुसरीकडे. लिलींची शाखा सर्वांत आधी फुटलेली. इथे अळ्यांच्या रूपाने फसवलं होतं.

आणि एकदा तर रूपाने साऱ्या जगाला फसवलं. न्यूझीलंडजवळ हजार मीटरहून खोल समुद्रात बुडालेल्या लाकडांवर एक चिमुकला चपटा प्राणी सापडला. सेंटिमीटरभरही नाही, हात नाहीत, कडेला काट्यांची झालर, पाकळ्यांच्या फुलासारखा. सर्वांत विलक्षण म्हणजे त्याचे नलिकापाद पाच पट्ट्यांत नव्हते, एका वर्तुळात होते. १९८६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचं नाव झायलोप्लॅक्स म्हणून आलं आणि त्याच्यासाठी सहावा वर्ग उभा राहिला. आमच्याकडे बातमी आली तेव्हा सरांनी फळ्यावर पाच वर्गांखाली सहावी ओळ लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या वर्षांत शरीररचना आणि जनुकं या दोन्हींनी ते प्रश्नचिन्ह खरं ठरवलं. झायलोप्लॅक्स हा तारामासाच निघाला, जणू बाल्यावस्थेतच वयात आलेला. सहावा वर्ग मिटला. ज्यांनी तो मांडला त्यांची यात काही चूक नव्हती. हातात होते ते नमुने अगदी थोडे, आणि त्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं.

आता अळीकडे वळतो, कारण डोक्याचा प्रश्न तिथेच अडकला होता. १८४६ मध्ये योहानेस म्युलर यांनी हेल्गोलँड बेटाजवळच्या पाण्यातल्या एका पारदर्शक जिवाचं वर्णन केलं. चित्रकाराच्या घोडीसारखा त्याचा आकार, म्हणून नाव प्लुटिअस. नंतर त्यांना उमगलं की ही ब्रिटल स्टारची अळी आहे. तिला डावी-उजवी बाजू आहे, आपल्यासारखी. पाच हात असलेला प्राणी जन्माला येतो तो दोन बाजूंचा! पुढे अळीच्या डाव्या अंगाला पाण्याच्या संस्थेचा कोंब पाच फुगवट्यांनी उमलतो आणि अर्चिनमध्ये प्रौढाचं नवं तोंड त्या डाव्या बाजूलाच तयार होतं. अळीचं बरंचसं शरीर टाकून दिलं जातं. अशाच पारदर्शक अळीवर, तारामाशाच्या, १८८२ मध्ये मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या सकाळी त्यांना काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी दिसली. शरीर रोगाशी कसं लढतं याची एक मोठी वाट तिथून उघडली आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

विकासाच्या पद्धतीवरून कंटकचर्मी आपल्या, म्हणजे कणाधारी प्राण्यांच्या, जवळच्या आप्तांत मोडतात. खेकडा किंवा शिंपला यांच्यापेक्षा खूप जवळ. मग आपल्या शरीरात डोक्यापासून शेपटीपर्यंत दिशा ठरवणारी जनुकं तारामाशात काय करत असतील? हात म्हणजे पुढचं टोक आणि मध्य म्हणजे मागचं, की सगळं उलट? २०२३ मध्ये लॉरेंट फॉर्मरी, क्रिस लोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅटिरिया या तारामाशात ही जनुकं कुठे कुठे जागी आहेत याचा नकाशा काढला. डोक्याची जनुकं सगळ्या अंगभर सापडली, प्रत्येक हाताच्या मधल्या रेषेपासून कडेपर्यंत क्रमाने मांडलेली. धडाची जनुकं बाहेरच्या थरात जवळजवळ नव्हतीच. धड गळून गेलं आणि डोकंच पाच दिशांनी वाढलं, असं ते चित्र आहे.

रापणकराला आज सांगता आलं असतं की या जनावराला डोकं नाही असं नाही, बाकीचंच फारसं काही नाही. त्याने ते ऐकून काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. सरांनी मात्र लगेच फळ्याकडे वळून आकृती काढली असती.

मी आज काही नमुने बरोबर आणले आहेत. व्याख्यान संपल्यावर या टेबलाजवळ या. टेम्नोप्ल्यूरस हा आपल्या किनाऱ्यावरचा अर्चिन आहे, त्याची दोन कवचं आहेत. ओठाच्या टोकाने फुंकू नका, हलकी आहेत. तळहातावर घेऊन वरची बाजू उजेडाकडे धरा. मध्ये भोक दिसेल, आणि भोकाभोवती पाच मोठ्या पट्टिका. त्यांतली एक जरा मोठी, तिच्यावर सुईच्या टोकाएवढी खूप छिद्रं आहेत. भिंग टेबलावर ठेवलं आहे. तिथून समुद्र आत जात होता.